पहिले घर घेताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात नवीन घर घेणाऱ्या तरुण मंडळींना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वकील नाही, स्थापत्यविशारद नाही, बँकेतील अधिकारीही नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि हयातभर प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली, एवढीच माझी विद्या. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, ज्याचे गणित एकदा चुकले आहे, त्यानेच ते शिकवावे." हे म्हणणे मला पटले, कारण घराच्या बाबतीत माझे गणित खरोखरच चुकले होते.

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत. आता शहरात घर बांधण्याचा योग फारच थोड्यांना येतो. बहुतेकांना ते विकत घ्यावे लागते. परंतु म्हणीतील इशारा तसाच खरा राहिला आहे.

१९९८ साली मी ठाणे जिल्ह्यातील एका वाढत्या शहरात तीन खोल्यांची सदनिका घेण्याचे ठरविले. बांधकाम करणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतील होते. एका वडीलधाऱ्या आप्तांनी त्यांची गाठ घालून दिली आणि सांगितले, "आपलाच माणूस आहे, काळजी नको." झाले! कागदपत्रे मागणे म्हणजे त्या गृहस्थांचा आणि मध्यस्थी करणाऱ्या वडिलांचा अपमान, असे मला वाटले. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, पत्नीच्या पाटल्या मोडल्या आणि सव्वाचार लाखांपैकी तीन लाख रुपये साध्या पावत्यांवर देऊन मोकळा झालो. करारनामा दोन वर्षांनी नोंदला गेला. २००१ साली राहावयास गेलो, तेव्हा कळले की, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही, आणि म्हणून नगरपालिकेची नळजोडणीही नाही.

पुढील सात वर्षे आम्ही टँकरच्या पाण्यावर काढली. तिसऱ्या मजल्यापर्यंत हंडे-कळश्या माझ्या पत्नीने वाहिल्या. त्या काळात जडलेली पाठीची व्यथा आजही तिला सोडून गेलेली नाही. त्या गृहस्थांची गाठ लग्नकार्यांतून वरचेवर पडे. एकदा तर आम्ही एकाच पंगतीत शेजारी शेजारी बसलो होतो. पण पाण्याचा विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या रात्री घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "मुलांची वही तपासल्यावाचून तुम्ही कधी सही केली नाहीत. मग घराचे कागद न तपासता कशी केलीत?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

आता मुद्द्याकडे वळू.

पहिली गोष्ट, घर पाहण्यापूर्वी आपली ऐपत पाहावी. बँक घराची सर्व किंमत कर्जाऊ देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जास किमतीच्या फार तर ९० टक्के, पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे. समजा, बांधकाम चालू असलेले साठ लाखांचे घर आहे. कर्ज जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस लाख. म्हणजे बारा लाख पदरचे. मुद्रांक शुल्क सात टक्के धरले, तर चार लाख वीस हजार. वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे तीन लाख. एकूण एकोणीस लाख वीस हजार रुपये झाले. नोंदणी शुल्क, वकिलाची फी आणि सामान हलविण्याचा खर्च निराळाच. ज्याने बारा लाखच जमविले, तो उरलेल्या रकमेसाठी सावकाराच्या दारी जातो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या तयार घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, आणि घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ सालापासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही हिशेबात घ्यावे.

हप्त्याचेही गणित नीट समजून घ्यावे. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे अठरा हजारांचा पडतो आणि एकंदर फेड त्रेचाळीस लाखांवर जाते. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील पंधरा हजार व्याजापोटी जातात. मुद्दल फिटते ते जेमतेम तीन हजार. म्हणून बोनस वा थकबाकी हाती येताच ती मुद्दलात भरावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. मात्र घरात आजारपण आले तरी सहा महिने हप्ते चालतील एवढी गंगाजळी बाजूस ठेवूनच हे करावे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. केंद्राचा स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करू लागले. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पास महारेराचा नोंदणी क्रमांक असावयास हवा. जमीन पाचशे चौरस मीटरहून अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर या नोंदणीची सक्ती नाही. तेथे तर दुप्पट सावधगिरी बाळगावी. नोंदणी क्रमांक घालून महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, जमिनीवरील बोजा व चालू दावे पाहता येतात. घरातील कॉलेजात जाणारी मुलगी अर्ध्या तासात हे काम करील.

त्याखेरीज जमिनीचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा. बिल्डरने सुचविलेला वकील हा बिल्डरचा असतो, आपला नव्हे. बांधकाम सुरू करण्याचा परवाना आहे काय, आणि असल्यास तो कितव्या मजल्यापर्यंत आहे, हे वाचावे. तयार घर असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक पैसाही देऊ नये. 'लवकरच मिळेल' या दोन शब्दांवर मी सात वर्षे पाणी भरले आहे.

जुने घर घेणाऱ्यांनी पूर्वीचे सर्व मूळ करारनामे, सोसायटीचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि विक्रेत्याचे कर्ज असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र मागावे.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची. पूर्वी जिना, गच्ची, व्हरांडा यांचा वाटा मिसळून फुगविलेले क्षेत्रफळ सांगितले जाई. माझी साडेपाचशे फुटांची सदनिका मी शाळेच्या टेपने मोजली, तेव्हा पावणेचारशे फूट भरली. आता कायद्याने चटई क्षेत्र हेच प्रमाण ठरविले आहे. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व खुली गच्ची धरीत नाहीत. करारात ते चौरस मीटरमध्ये असेल, तर १०.७६४ ने गुणावे. ४५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ४८४ चौरस फूट. दोन घरांची तुलना करावयाची ती याच मापाने.

चौथी गोष्ट पैसे देण्याची. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. ही मेहरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे. खेदाची गोष्ट ही की, महाराष्ट्रातील १९६३ च्या कायद्यातही वीस टक्क्यांची मर्यादा होती. म्हणजे १९९८ साली कायदा माझ्या बाजूस उभा होता आणि मीच त्याच्याकडे पाठ फिरविली होती. सर्व पैसे धनादेशाने वा बँकेमार्फतच द्यावेत. ताबा देण्यास विलंब झाल्यास व्याज मागता येते, किंवा व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पण हे सारे मागण्यासाठी हातात कागद हवा.

पाचवी गोष्ट, ताबा मिळाला म्हणजे काम संपले असे मानू नये. सोसायटी स्थापन होऊन जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे झाले पाहिजे. नाहीतर भिंती आपल्या आणि भूमी दुसऱ्याची, अशी अवस्था होते. बिल्डर टाळाटाळ करीत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. आमच्या सोसायटीने तोच मार्ग धरला, आणि आज जमीन आमच्या नावावर आहे.

बंधुभगिनींनो, आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट. ज्ञातीचा जिव्हाळा ही मोठी संपत्ती आहे. याच मंडळाच्या वसतिगृहात राहून मी शिकलो. ते ऋण मी विसरणार नाही. परंतु जिव्हाळा हा कागदाचा पर्याय होऊ शकत नाही. 'आपलाच माणूस' म्हणून ज्याला आपण प्रश्न विचारीत नाही, त्याला चुकण्याची मोकळीक आपणच देतो. त्या गृहस्थांना मी सर्वस्वी दोष देत नाही. मी पहिल्याच दिवशी नकाशा आणि परवाना मागितला असता, तर कदाचित त्यांचेही पाऊल सावरले असते आणि आमचा स्नेहही टिकला असता. सचोटीच्या माणसाला कागद दाखविण्यात कमीपणा वाटत नाही. ज्याला वाटतो, त्याच्याकडून घर घेऊ नये, मग तो आपला असो की परका.

म्हणून मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्यात वकील आहेत, अभियंते आहेत, बँकांतून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांपैकी तिघांनी महिन्यातील एका रविवारी दोन तास मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि घर घेऊ इच्छिणाऱ्या कोणाही कुटुंबाचे कागद विनामूल्य वाचून द्यावेत. कागद नोंदविणे, प्रती नीट लावणे, हे कारकुनी काम मी आनंदाने करीन. गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, ते करावेतच. परंतु एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी वाचविली, तर तो सत्कारही लहान नव्हे.

आज माझ्या घरी नळाला पाणी येते. तरीही पत्नी रात्री निजण्यापूर्वी एक हंडा भरून ठेवते. सवय जात नाही. तो भरलेला हंडा पाहिला की मला माझी चुकलेली वही आठवते. आपल्या मुलामुलींच्या घरी असा हंडा भरून ठेवण्याची वेळ कोणावरही न येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.