रिपेअर, रिस्टोअर, रीसेट: तुमची सॉफ्टवेअर्स राहतात की जातात?

तुमच्यापैकी बहुतेक जण मला मोबाईलवर ऐकताय, पण आजचा विषय लॅपटॉपचा आहे. सबमिशनचा आठवडा आला की मला एक ठरलेला मेसेज येतो: "दादा, विंडोज गंडलंय. एका व्हिडिओत कमांड सांगितलीये. मारू का? माझं ऑटोकॅड उडणार नाही ना?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. पण उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण रिपेअर, रिस्टोअर आणि रीसेट ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या ठिकाणी पोहोचतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फोनवर प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात राहतं. डबा काढला की ॲप गेलं. विंडोजवर तसं नाही. तिथे एखादं सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्या मुख्य फाइल्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातात, सेटिंग ॲपडेटामध्ये, नोंदी रजिस्ट्रीमध्ये आणि काही वेळा एखादी सर्व्हिस किंवा ड्रायव्हरही बसतो. म्हणजे संसार चार खोल्यांत पसरलेला असतो. म्हणून कुठलं टूल कुठल्या खोलीत शिरतं, ते माहीत हवं.

पहिलं, एसएफसी. पूर्ण नाव सिस्टिम फाइल चेकर. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि एसएफसी, मग स्पेस, मग स्लॅश स्कॅननाऊ टाइप करायचं. हे टूल फक्त विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइल्स तपासतं. एखादी बिघडलेली सापडली, तर विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली चांगली प्रत तिच्या जागी बसवतं. तुमचं ऑटोकॅड, गेम्स, प्रोजेक्टचा रिपोर्ट यांना ते हात लावत नाही. घरमालकाने पाइप दुरुस्त करायला प्लंबर पाठवला, तर तो तुमचं कपाट उघडत नाही, तसंच.

एक अपवाद मात्र आहे. विंडोजचं रूप बदलायला काही जण थीम पॅचर वापरतात. तो विंडोजचीच एक फाइल बदलतो. एसएफसीला ती बिघडलेली वाटते आणि ते मूळ फाइल परत आणतं. तुमची झकास थीम गेली, पण यात बिघाड काही नाही. टूलने त्याचं काम केलं.

एसएफसी म्हणालं की काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत, तर ती चांगल्या प्रतींची कोठीच बिघडलेली असू शकते. ती दुरुस्त करायला डीआयएसएम आहे, त्याचा रिस्टोअरहेल्थ हा पर्याय. तो लागेल त्या फाइल्स विंडोज अपडेटवरून आणतो, म्हणून नेट चालू ठेवा. त्यानंतर पुन्हा एसएफसी चालवा. नावात 'रिस्टोअर' असलं तरी तुमची सॉफ्टवेअर्स इथेही सुरक्षितच.

आता दुसरं, सिस्टिम रिस्टोअर. खरा गोंधळ इथे होतो. हे टूल विंडोज मी बरोबर 2000 साली आलं. ते सिस्टिम फाइल्स, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर्स एका जुन्या तारखेच्या अवस्थेत नेतं. समजा रिस्टोअर पॉइंट 1 तारखेचा आहे आणि ऑटोकॅड तुम्ही 5 तारखेला टाकलंय. मग ते जाणार. उलट 3 तारखेला काढून टाकलेलं एखादं सॉफ्टवेअर यादीत परत दिसू शकतं, पण चालेलच याची खात्री नाही. त्या तारखेनंतरचे अपडेट्सही मागे जातात. तुमचे फोटो आणि वर्डच्या फाइल्स मात्र जागेवर राहतात. म्हणूनच चुकून डिलीट झालेला रिपोर्ट याने परत मिळत नाही. ते बॅकअपचं काम.

एक बटण बहुतेक जण बघतच नाहीत. रिस्टोअर पॉइंट निवडला की खाली 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' असतं. ते दाबलं की दोन याद्या येतात: कोणती सॉफ्टवेअर्स आणि ड्रायव्हर जाणार, आणि कोणते परत येऊ शकतात. त्या याद्यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. काम झाल्यावर एखादं सॉफ्टवेअर अर्धवट वाटलं, तर ते पुन्हा इन्स्टॉल करा. आणि रिस्टोअर चालू विंडोजमधून केलं असेल तर ते उलटवताही येतं. सेफ मोडमधून केलेलं उलटवता येत नाही.

तिसरं, रीसेट धिस पीसी. इथे 'कीप माय फाइल्स' वाचून लोक निर्धास्त होतात. पण फाइल्स म्हणजे सॉफ्टवेअर्स नव्हेत! फाइल्स राहतात, तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. विंडोज डेस्कटॉपवर काढलेल्या ॲप्सची यादी ठेवतं, पण इन्स्टॉलर आणि लायसन्स तुम्हालाच शोधावं लागतं. लायसन्स मोजक्या मशीनपुरतं असेल, तर रीसेटआधी सॉफ्टवेअरमधून साइन आउट करा किंवा ते डीॲक्टिव्हेट करा.

सगळं राखून विंडोज नवं करायचं असेल, तर त्याच विंडोजच्या सेटअपमधून रिपेअर इन्स्टॉल करता येतं. त्यात 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय दिसतोय ना, तेवढं बघा.

म्हणजे क्रम असा: आधी एसएफसी, गरज पडली तर डीआयएसएम, मग रिस्टोअर, मग रिपेअर इन्स्टॉल आणि रीसेट सगळ्यात शेवटी. दुकानात कुणी थेट "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं, तर आधीचं काय काय करून बघितलं, ते नक्की विचारा.

आणि आजच एक काम करा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा आणि सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ते बंद असतं आणि ते कळतं नेमकं गरजेच्या दिवशी. प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर हवीच.

काही अडलं तर विचारा. भेटू पुढच्या भागात.