डिझेल कुठं जातं?



आज आपण ट्रॅक्टरच्या डिझेलविषयी बोलू. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचे शंभरात ऐंशीहून अधिक भाग परदेशातून येतात. गावात ते उधारीवर येतं. नांगरटीला डिझेल लागणारच. पण काम न होताही डिझेल जातं. ते कुठं जातं, पाहा.

पहिली गोष्ट. ट्रॅक्टर बांधावर उभा, इंजिन चालू, आणि चालक गप्पा मारतो आहे. अशा उभ्या इंजिनात तासाला साधारण एक लिटर डिझेल जळतं. शेत मात्र बोटभरही नांगरलं जात नाही! थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. कोणी म्हणेल, "मग ते पुन्हा चालू होत नाही." तर दोष बॅटरीत किंवा सेल्फमध्ये असेल. तो दुरुस्त करा. त्यापायी रोज डिझेल जाळू नका.

दुसरी गोष्ट गळतीची. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसरात्रीत 86,400 थेंब जातात. रात्री नळीखाली वाटी ठेवा. सकाळी वाटीच सांगेल.

तिसरी गोष्ट, इंजिनाचा श्वास. एअर क्लीनर धुळीनं भरला, की इंजिनाला हवा पुरत नाही. डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे आपलाच पैसा, बरं का! क्लीनर वेळेवर साफ करा. तरीही धूर काळाच असेल, तर नोझल तपासून घ्या.

चौथी गोष्ट चाकांची. शेतात चाक जागीच गरगरलं, तर डिझेल फुकट जातं. मागच्या चाकांना वजन लावा. हलक्या कामाला ते उतरवा. टायरमध्ये हवा पुस्तिकेत सांगितली आहे तेवढीच ठेवा.

पाचवी गोष्ट चालवण्याची. हलक्या ओढकामाला वरचा गियर घाला, रेस कमी ठेवा. इंजिन दमू लागलं, की खालचा गियर घाला. क्लचवर पाय ठेवून बसू नका. शेत लांबीच्या बाजूनं नांगरा. वळणं कमी होतील.

हे सारं खरं की खोटं? तुम्हीच पाहा. टाकी काठोकाठ भरा. एक एकर नांगरा. मग टाकी पुन्हा तेवढीच भरा. जितकं डिझेल मावलं, तितकं त्या एकराला लागलं. वहीत तारीख, शेत आणि लिटर लिहा. मग क्लीनर साफ करा, गळती थांबवा, आणि तसल्याच रानात पुन्हा मोजा. दोन्ही आकडे ताडून पाहा.

मंडळी, आता आपल्याला लिहिता येतं. डिझेलचा हिशेब आपल्याच हातानं लिहू या.