प्रेक्षणीय स्थळे व बिअर



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'युरोपातील प्रेक्षणीय स्थळे' असा छापला आहे. मी चिटणिसांना पाठवलेल्या पत्रात 'प्रेक्षणीय स्थळे व बिअर' असे लिहिले होते. शेवटचे दोन शब्द मुद्रणदोषाने गळले असावेत, अशी मी आपली समजूत करून घेतली आहे. काल याच व्यासपीठावर कर्मयोग झाला, उद्या मधुमेह आहे. मधल्या दिवशी थोडी बिअर आली तर फारसे बिघडू नये.

आधी घरची पार्श्वभूमी सांगतो. माझे वडील १९३० च्या सत्याग्रहात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन करीत. एका गुत्तेवाल्याचे मन वळवून त्याचे पिंप त्यांनी भर रस्त्यात ओतले, ही कथा आमच्या घरी रामायणासारखी सांगितली जाई. अशा घरात वाढलेल्या मला चौसष्टाव्या वर्षापर्यंत ब्रँडी ठाऊक होती ती सर्दीत छातीला चोळण्यापुरती. २०१२ साली चिरंजीवांनी बोलावले. ते तेव्हा जर्मनीत कोलोन शहरी नोकरी करीत होते. आम्ही उभयता निघालो.

वाटेत ब्रुसेल्स पाहिले. तिथे एका गल्लीच्या कोपऱ्यावर लघवी करणाऱ्या पोराचा ब्राँझचा पुतळा आहे. मूळ पुतळा १६१९ चा, तो संग्रहालयात ठेवला आहे. कोपऱ्यावर उभी आहे ती नक्कल. उंची पुरती दोन फूटही नाही. समोर देशोदेशींची माणसे कॅमेरे घेऊन दाटीवाटीने उभी. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा देखावा तर आपल्या आळीत रोज सकाळी फुकट दिसतो." ब्रुसेल्सविषयी याहून अधिक सांगण्यासारखे माझ्यापाशी नाही.

कोलोनचे कॅथिड्रल मात्र पाहावे असे आहे. १२४८ साली पाया घातला आणि १८८० साली काम पुरे झाले. मध्ये सुमारे तीनशे वर्षे काम थांबलेलेच होते, आणि अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी यारी शतकानुशतके तशीच उभी होती. आपल्या नगरपालिकेच्या नाट्यगृहाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मनोरे १५७ मीटर उंच आहेत. वर जायला ५३३ पायऱ्या. मी त्या चढलो. सौभाग्यवतींनी खालूनच हात जोडले आणि त्या बाकावर बसल्या. उतरलो तेव्हा माझ्या पायांची वीणा झाली होती आणि घशाला कोरड पडली होती.

चिरंजीव आम्हांला जवळच्या एका बिअरगृहात घेऊन गेले. त्यांनी स्वतःसाठी आणि आईसाठी सफरचंदाचा रस मागवला आणि मला म्हणाले, "बाबा, आलाच आहात तर इथली क्योल्श बघा चाखून." निळा एप्रन बांधलेल्या वाढप्याने दोनशे मिलिलिटरचा एक सडपातळ पेला पुढ्यात ठेवला. त्याखाली पुठ्ठ्याची चकती, आणि चकतीवर पेन्सिलीची एक रेघ. तहानेपायी मी पेला एका दमात संपवला. तो खाली ठेवतो न ठेवतो तोच दुसरा हजर आणि दुसरी रेघ! न मागता आलेले नाकारायचे कसे? आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, तसाच हा इकडचा आग्रह असावा, असे मला वाटले. यजमानाचा मान राखला पाहिजे म्हणून तोही पेला संपवला. मग तिसरा आला, मग चौथा. पाचव्या पेल्याला कॅथिड्रलचे दोन मनोरे मला चार दिसू लागले. सौभाग्यवती मुकाट्याने रेघा मोजत होत्या. वाढपी सहावा पेला घेऊन निघालेला दिसताच चिरंजीवांनी हात पुढे केला, माझ्या रिकाम्या पेल्याखालची चकती काढली आणि ती अलगद पेल्यावर ठेवली. वाढपी मान डोलावून परत फिरला.

चकती पेल्यावर ठेवली की 'पुरे', असा तिथला रिवाज आहे. पण तो ज्या सफाईने पाळला गेला, ती सफाई सफरचंदाच्या रसाने येत नाही! चिरंजीवांना तो रिवाज पहिल्या पेल्यापासून ठाऊक होता. सांगावे तर स्वतःचे बिंग फुटते, न सांगावे तर बाप आडवा होतो, अशा पेचात ते चार पेले बसून होते.

मी विचारले, "किती दिवस?"

"आल्यापासूनच, बाबा."

"मग फोनवर 'शिवत नाही' म्हणून कशाला सांगत होतास?"

"तुम्ही फोन करता तो आजोबांच्या फोटोखाली बसून. तिथे काय सांगू?"

रागवायला हवे होते. पण पुढ्यात पाच रेघा असलेल्या माणसाने रागवावे कसे? मग चिरंजीवांनी आपला पेला उघडपणे मागवला, आणि त्या पेल्याबरोबर बाकीचेही बाहेर आले. आदल्या हिवाळ्यात चार महिने नोकरी नव्हती. त्या काळात आम्ही दर रविवारी 'सगळं ठीक ना?' विचारत होतो आणि ते 'ठीक' म्हणत होते. सौभाग्यवतींनी डोळे पुसले आणि एवढेच विचारले, "जेवत होतास ना रे?"

पुढे म्युनिकला गेलो. तिथल्या बिअरबागांचा इतिहास मोठा मजेदार आहे. बिअर थंड राहावी म्हणून नदीकाठी तळघरे खणत आणि त्यांवर सावलीला चेस्टनटची झाडे लावत. लोक त्या सावलीतच पिऊ लागले. तेव्हा खाणावळवाले राजाकडे ओरडत गेले. १८१२ साली राजाने निवाडा दिला : बिअर विकणाऱ्यांनी तिथे बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. झाले! लोक घरून डबे आणू लागले. आता तिथे खायलाही मिळते. पण विनाआच्छादनाच्या टेबलांवर आपला डबा उघडण्याची मुभा अजून आहे. हे ऐकताच सौभाग्यवतींनी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी काढली. शेजारच्या जर्मन आजीबाई मुळ्याच्या चकत्यांना मीठ लावून खात होत्या. मुळा पाहताच आमच्या सौभाग्यवतींना माहेर भेटल्यासारखे झाले. पुरीच्या बदल्यात मुळा, असा व्यवहार झाला. भाषेची गरज पडली नाही. आजीबाईंच्या आग्रहाने सौभाग्यवतींनी बिअरचा एक घोटही घेतला आणि निकाल दिला, "काढाच आहे की हा! यासाठी तुमच्या वडिलांनी एवढी मेहनत घेतली?"

शेवटी बोहेमियात पिल्सेनला गेलो. तिथल्या बिअरची प्रत इतकी बिघडली की १८३८ साली गावाने नगरभवनासमोर छत्तीस पिंपे ओतून टाकली. मग नागरिकांनी मिळून नवी भट्टी उभारली, बव्हेरियातून योजेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि १८४२ साली त्याने जी सोनेरी बिअर काढली तिचे नाव आज जगभर चालते. ती जागा पाहताना मला वडील आठवले. वडिलांनी पिंप ओतले ते दारू वाईट म्हणून, पिल्सेनकरांनी ओतले ते वाईट दारू म्हणून. हा विनोद वडिलांना सांगितला असता तर ते हसले असते की नाही, याचा मला आजही अंदाज नाही.

पाच रेघांची ती चकती सौभाग्यवतींनी पर्समध्ये घालून आणली. आता ती फोनजवळ, वडिलांच्या फोटोखालीच असते आणि तिच्यावर माझा रात्रीचा दुधाचा पेला ठेवला जातो. दूध मला लहानपणापासून आवडत नाही. परवा फोनवर ही तक्रार ऐकून चिरंजीव म्हणाले, "बाबा, पेला संपला की चकती वर ठेवा. नाहीतर आई दुसरा आणेल."