ही खोड की दुखणे?



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तरी हा विषय मी हट्टाने मागून घेतला. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी ‘खुशाल सांगा’ म्हटले, म्हणूनच बोलते. त्यांच्या घरी काही कमी नाही. पण महाद्वार रोडवर गेल्या की रिबीन, बटणे, पिना असे काहीबाही उचलीत. वापरीत मात्र कधी नसत. सारे डब्यात पडून.

पोटासाठी केलेली चोरी निराळी. इथे आधी जीव घुसमटतो, वस्तू हाती आली की हायसे वाटते आणि घरी आल्यावर शरमेने घास उतरत नाही. फ्रान्समधील डॉक्टरांनी १८३८ च्या सुमारास याला क्लेप्टोमेनिया असे नाव दिले. दुखणे विरळा आहे. प्रत्येक चोराने त्याच्या आड लपू नये, आणि कायदाही एवढ्यावरून सहसा सोडीत नाही.

आपल्याकडे उपाय कोणते? शपथ, नवस, नाहीतर मार. त्याने लाज तेवढी वाढते. वर्तनोपचारात मनाला नवे वळण लावतात. विलायतेतल्या एका छप्पन्न वर्षांच्या बाईंची हकीकत १९८५ साली छापून आली. चौदा वर्षांची सवय! त्यांना मनात चित्र आणायला शिकवले: वस्तूला हात लावताच मळमळते आहे, दुकानात सर्वांदेखत उलटी होते आहे, वस्तू परत ठेवली की बरे वाटते. असा सराव केल्यावर पुढच्या एकोणीस महिन्यांत त्यांचा एकदाच तोल गेला.

आमच्या बाईंना डॉक्टरांनी साध्या गोष्टी सांगितल्या. मोठी पिशवी न्यायची नाही. यादी करून, सोबत घेऊन जायचे. ऊर्मी आली की वस्तू खाली ठेवून नुसते थांबायचे. लाट चढते तशी उतरतेही. रात्री सारे वहीत लिहायचे. काहींना गोळ्याही देतात. वर्षात दोनदा हात गेला, पण दोन्ही वेळा त्यांनी स्वतः जाऊन पैसे भरले. डबा अजून पुरता रिकामा झालेला नाही. एकेक वस्तू परत करणे हे, माझ्या मते, गोळीपेक्षा कडू औषध.

सी.पी.आर.मध्ये मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवाही आहे; १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. दवाखान्यात जायला घरचे कुणी सोबत नसेल तर मला सांगा. मी येईन, बाहेर बाकावर बसून राहीन; नाव कुणाला कळणार नाही.