व्यसनी आप्ताशी बोलताना
(वार्षिक सभेतील भाषण)



भिवापूर परिसरातील कुटुंबे दारूग्रस्त आप्ताला आमच्याकडे आणतात, ती बहुधा रक्ताची उलटी झाल्यावर किंवा झटके आल्यावर. तोवर घरातील प्रत्येकजण त्याच्याशी बोललेला असतो. पण एकेकटा, आणि तो प्यालेला असताना. दुकानाची उधारी मात्र मिरचीच्या पैशातून घरच गुपचूप फेडते. जमाखर्च पाहणाऱ्या आम्हांला हेच व्यसनाचे भांडवल वाटते.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या अर्थसाहाय्याने सुरू केलेल्या मुक्तांगणने कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट आहे. आप्तांनी संकटाची वाट न पाहता एकत्र बसून बोलावे, ही रीत अमेरिकेतील धर्मोपदेशक व्हर्नन जॉन्सन यांनी १९७३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. तीतील धाक वगळून ती आपल्याकडे अवश्य आचरावी, असे आमचे मत आहे.

सकाळी, तो शुद्धीत असताना, ज्यांचा शब्द तो मानतो अशा तीन-चार जणांनीच बसावे. ‘दादा, मुलीच्या फीचे पैसे तू दारूत घालवलेस,’ असे घडलेले तेवढेच सांगावे, शिव्याशाप नकोत. रुग्णालयातील खाट आधीच ठरवून ठेवावी, कारण होकार संध्याकाळपर्यंत टिकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकाएकी तोडू नये. दोन-तीन दिवसांत झटके व भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतात.

तो उठून गेला, तर उधारी फेडणे थांबवावे. जेवणाचे ताट मात्र वाढावे. पंधरवड्याने पुन्हा बसावे. खाट तेव्हाही मिळेल.