अणुवीज : आधी हिशेब मांडा

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



मागच्या बैठकीत दोन तरुण पोरांनी मला अडवले. म्हणाले, "भाऊ, सरकार म्हणते कोळशाच्या धुराने हवामान बिघडले, आता अणुवीज हाच उपाय. कोकणातले लोक म्हणतात अणुवीज नको. आपण कोणत्या बाजूला?" मी म्हटले, पुढच्या बैठकीत सांगतो. तेवढ्यात मागून एक जण बोलला, "कोकणाचा प्रश्न आहे, आपल्याला काय करायचे? आपण कपाशीचे बघू."

आधी त्या भावाला उत्तर देतो. हवामान बिघडले तर पहिले पीक कोरडवाहूचे जाते. विजेचे दर ठरतात ते आपल्या विहिरीवरच्या मोटारीला लागतात. आणि सरकार अणुभट्टीला जो पैसा घालते तो तुमच्या-माझ्या खिशातून जातो, कारण काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत आपण कर भरतो. पीक आपले, वीज आपली, पैसा आपला. मग प्रश्न एकट्या कोकणाचा कसा?

हवामान बिघडले हे मला शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट झाली, तेव्हा हाताशी आलेला गहू, हरभरा, रब्बी ज्वारी जमिनीला टेकली. २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. दुष्काळ आणि अतिवृष्टी आपल्या आजोबांनीही पाहिली. पण आता एकाच हंगामात दोन्ही येतात. जूनमध्ये दुबार पेरणी आणि कणीस भरल्यावर असा पाऊस की ज्वारी काळी पडते, कपाशीची बोंडे झाडावरच सडतात. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते. मग पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा कोसळतो.

हवा तापवली कोणी? कोळसा आणि तेल जाळून जो कार्बन डायऑक्साईड वायू निघतो, त्याने. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला जेवढा हा वायू सोडतो, तो आपल्या देशातल्या माणसाच्या सुमारे सातपट आहे. त्यातही कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा काढला तर तो दिसायचाही नाही. उधारी दुसऱ्याने केली आणि वसुलीला माणूस आपल्या दारात उभा राहिला, असा हा व्यवहार आहे.

पण आपल्या देशाचाही हिशेब पाहू. आज देशात तयार होणाऱ्या १०० युनिट विजेपैकी ७० च्या वर कोळशाची असते. अणुवीज ३ युनिटच्या आसपास. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे. राख चंद्रपूरला, ऊन चंद्रपूरला, वीज मुंबई-पुण्याला आणि आपल्या ओलिताचा नंबर रात्री. परळीचे केंद्र तर २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळशाची वीज अशी आहे. तिचे गुणगान करायला मी उभा नाही.

आता अणुविजेची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. भट्टीत युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते आणि वाफेवर चाक फिरते. धूर नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१४ साली हिशेब दिला. खाणीपासून राखेपर्यंत सगळे धरून कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड, अणुविजेच्या एका युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम. पवनचक्कीचेही जवळजवळ तेवढेच. सौर विजेचे ४० ते ५० ग्रॅम. म्हणजे हवेच्या दृष्टीने अणुवीज स्वच्छ आहे, यात वाद नाही. शिवाय ती रात्रंदिवस चालते. सूर्य मावळला की सौर वीज थांबते.

फ्रान्सने १९७४ मध्ये ठरवले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ५० च्या वर अणुभट्ट्या उभ्या केल्या. आज त्या देशाची जवळजवळ दोन तृतीयांश वीज अणूची आहे. शेजारच्या जर्मनीने उलट केले. १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन चालू अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळशाला मात्र २०३८ पर्यंतची मुदत ठेवली. माझ्या मते हे चुकले. दुभती गाय आधी विकली आणि मारकुटा बैल दावणीला ठेवला.

म्हणून नुसत्या भीतीपोटी विरोध करणाऱ्यांत मी नाही. भीतीला कारण नाही असेही नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिल झाले. २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झाले आणि दीड लाखावर माणसांना घर सोडावे लागले. शेतकऱ्याला घर सोडावे लागते म्हणजे जमीनही सोडावी लागते, ती काही ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. पण कोळशाच्या धुराने दरवर्षी माणसे मरतात, ती गाजावाजा न होता मरतात, हेही विसरता कामा नये.

कपाशीवाल्यांना मी बीटीची आठवण देतो. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. काही जण म्हणाले, जनावरे मरतील, जमीन नासेल. काही म्हणाले, आता फवारणीच संपली. आपण पेरून पाहिले. भीती खोटी निघाली आणि आश्वासन अर्धेच खरे निघाले. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्या भागात बोंडे आतून पोखरली. त्या अनुभवातून आपण एक गोष्ट शिकलो. नवे तंत्र आले की त्याला शिव्याही देऊ नयेत आणि नारळही फोडू नये. खर्च किती, हाती काय येणार, केव्हा येणार आणि बुडाले तर कोणाचे बुडणार, एवढे विचारावे. तेच चार प्रश्न अणुविजेला विचारू.

पहिला प्रश्न, केव्हा येणार? तमिळनाडूत कुडनकुलमच्या पहिल्या भट्टीचे काम २००२ मध्ये सुरू झाले, व्यापारी वीज २०१४ च्या अखेरीस मिळाली. गुजरातेत काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचे काम २०१० मध्ये सुरू झाले, व्यापारी वीज २०२३ मध्ये. म्हणजे बारा वर्षे. आपल्या जैतापूरला फ्रान्सच्या १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, अशी योजना. करार झाला डिसेंबर २०१० मध्ये. तिथल्या मच्छीमारांनी, आंबा बागायतदारांनी विरोध केला. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मेला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, जैतापूरहून एक युनिट वीज आली नाही.

दुसरा प्रश्न, खर्च किती? ज्या जातीची भट्टी जैतापूरला यायची, तीच फ्रान्सने आपल्या घरी फ्लामाँव्हिल येथे लावली. काम सुरू झाले डिसेंबर २००७ मध्ये. २०१२ मध्ये वीज देऊ, ३३० कोटी युरो लागतील, असे सांगितले. वीज सुरू झाली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च कंपनीच्याच अंदाजाने १,३०० कोटी युरोच्या वर गेला. पाच वर्षांचे काम सतरा वर्षांनी, चौपट खर्चात. असा पेरा तुम्ही-आम्ही केला असता तर सावकाराने सातबाराच नेला असता. न्याय म्हणून सांगतो, अरब अमिरातीत कोरियाच्या कंपनीने चार भट्ट्या २०१२ ते २०२४ या काळात चालू करून दाखवल्या. म्हणजे होऊ शकते. पण कोणाकडून घेतो आणि काय भावाने घेतो, हे आधी उघड झाले पाहिजे.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो कोरडवाहूवाल्याने विचारायचा नाही तर कोणी? वाफ थंड करायला पाणी लागते, कोळशाला लागते तसेच अणूलाही. समुद्रकाठी ठीक आहे. पण २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या नद्या इतक्या तापल्या की नदीकाठच्या अणुकेंद्रांना वीज कमी करावी लागली. ज्या उष्म्यावर हे औषध, त्याच उष्म्याने औषध आटले. हरियाणात गोरखपूरचे अणुकेंद्र कालव्याच्या पाण्यावर उभे राहत आहे. उद्या आपल्याकडच्या एखाद्या धरणाकडे कोणी बोट दाखवले, तर पहिला आकडा पाण्याचा मागायचा. परळी आपण विसरलेलो नाही.

चौथा प्रश्न, बुडाले तर कोणाचे? २०१० च्या कायद्यात एक कलम होते. यंत्र सदोष निघून अपघात झाला, तर केंद्र चालवणाऱ्याला यंत्र विकणाऱ्याकडून वसुली करता येत होती. परदेशी कंपन्यांना ते कलम खुपत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, जुना रद्द झाला, खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि विक्रेत्याची ती जबाबदारी काढून टाकली. खाजगी भांडवलाला माझा विरोध नाही. ज्याला नफा हवा त्याने तोटाही सोसावा, एवढेच म्हणणे आहे. बियाणे उगवले नाही तर आपण पावती घेऊन कंपनीकडे भरपाई मागतो. अणुभट्टी विकणाऱ्याला मात्र पावतीचीसुद्धा भीती नको, हा कोणता बाजार?

आणि ज्यांची जमीन गेली त्यांचे काय? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनासाठी त्या लोकांना हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जैतापूरचा माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तारापूर असते. त्याला अडाणी म्हणू नका.

मग आपले मत काय? सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले की २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुवीज करू. आज ती ९ हजाराच्या आतबाहेर आहे. होवो बापडी. पण २०४७ ला माझा नातू शेतात असेल, मी नसेन. या दरम्यान वीस-बावीस खरीप जायचे आहेत. ते कसे काढायचे?

म्हणून या बैठकीने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, जी अणुकेंद्रे चालू आहेत आणि सुरक्षित आहेत, ती मोडा असे आपण म्हणणार नाही. दोन, नव्या केंद्राचा प्रति युनिट दर, पाण्याचा आकडा आणि अपघाताची जबाबदारी करारापूर्वी उघड करा, आणि तिथल्या ग्रामसभेची संमती घ्या. तोपर्यंत आपण जैतापूरच्या लोकांबरोबर. तीन, २०४७ च्या विजेचे नाव सांगून आजची वीज टाळू नका. सौर विजेचा भाव आज युनिटला सुमारे तीन रुपये आहे, आणि कपाशीला एक संरक्षित पाणी द्यायचे तर ते दिवसाच द्यायचे असते. त्याला बारा वर्षे थांबावे लागत नाही. रात्री साप-विंचवात ओलीत करणाऱ्याला दिवसा आठ तास वीज द्या, हा हवामानबदलावरचा आपला पहिला उपाय आहे.

हवामान आपण बिघडवले नाही, तरी त्याची किंमत आपण रोज मोजतो. त्यामुळे उपायाचा हिशेब मागायचा पहिला हक्कही आपलाच आहे. त्या दोन पोरांना माझे उत्तर हे आहे. कोणाच्या बाजूला जायच्या आधी चार प्रश्न विचारा, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मत देऊ नका.

एवढे बोलून मी थांबतो.