शिवारात वसलेले नगर



आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा एका रात्रीपुरती गावाची लोकसंख्या कैक पटींनी वाढते. पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छतेसाठी सारी यंत्रणा राबते व दुसऱ्या दिवशी पालखी मार्गस्थ होते. परंतु आलेला समुदाय कायमचा वस्तीलाच राहिला तर? दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी गावापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

सोलापुरातील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि हातमाग, यंत्रमाग व विडी या धंद्यांवर शहराचा पूर्व भाग पोसला गेला. गिरण्या बंद पडल्यावर अनेक घरांची चूल स्त्रियांनी वळलेल्या विड्यांवर पेटू लागली. कारखान्यातून पान व तंबाखू आणावयाचा, घरी विड्या वळावयाच्या आणि जुड्या बांधून परत द्यावयाच्या, असा हा व्यवसाय. ज्या कोंदट खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत तंबाखूची धूळ आणि तेथेच लेकरांचा अभ्यास. अशा स्त्रीला घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. तो तिचा कारखानाही असतो.

कामगारांनी सहकारी संस्था स्थापून, स्वतःचा वाटा उचलून आणि शासनाच्या साहाय्याने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे उभारली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वितरण झाले. वारली आदिवासींमध्ये काम करणाऱ्या गोदूताई परुळेकर यांचे नाव या वसाहतीला देण्यात आले. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी रे नगर प्रकल्प आकारास आला. त्याची योजना तीस हजार घरांची असून, पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांनी या दोन्ही कामांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

परंतु घराची किल्ली मिळाली म्हणजे संसार मार्गी लागला असे होत नाही. पान आणण्यास व माल देण्यास शहरात जावे लागले, तर दिवसाच्या मजुरीतून आधी बसभाडे वजा होते. नळाला पाणी केव्हा येणार याची वाट पाहणाऱ्या हातांकडून त्या दिवशी विड्या कमी वळल्या जातात. शाळा दूर असेल तर मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत घरीच राहते. म्हणूनच वसाहतीचा आराखडा मंजूर करताना इमारतींच्या संख्येबरोबर पाणी, सांडपाणी, बस, दवाखाना, बालवाडी आणि कामाचे ठिकाण यांचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

महानगरपालिकेची हद्द जेथे संपते, तेथे नागरिकांच्या गरजा संपत नाहीत. सोलापूरची हद्दवाढ १९९२ साली झाली; त्या भागाला लोक आजही ‘हद्दवाढ भाग’ म्हणूनच ओळखतात. नकाशावरील रेघ एका दिवसात सरकते. जलवाहिनी आणि गटार मात्र खोदूनच न्यावे लागतात.

हमरस्त्यालगतच्या प्रत्येक मोठ्या गावाने यातून बोध घ्यावा. शेतजमिनीचे भूखंड पडण्यापूर्वीच शाळा, रस्ते आणि पाणी यांची जागा राखून ठेवावी. पालखीच्या मुक्कामासाठी जी दक्षता एका रात्रीपुरती घेतली जाते, तीच कायमच्या वस्तीसाठी आधीपासून घेतली, तर घरी बसून राबणाऱ्या बाईची मजुरी वाचेल आणि तिची मुलगी वेळेवर शाळेत पोहोचेल.